मदत हवी आहे: गुडघे धरलेल्या सासूबाई, चुळबुळ्या मुलगा आणि पक्ष्यांचं खूळ घेतलेली लेक. भिगवण की नांदूर मध्यमेश्वर?

सुगरण_पुणे:

नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे. नोव्हेंबरातल्या पक्षी सप्ताहात शाळेत कुणीतरी येऊन चित्रं दाखवून गेलं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गच्चीवरच्या टाकीवर बसणाऱ्या प्रत्येक कावळ्याची वहीत नोंद होते. नाताळच्या सुट्टीत तिला एखाद्या पक्षी अभयारण्यात न्यायचं कबूल केलंय.

अडचण बाकीच्यांची आहे. धाकटा पाच वर्षांचा, दोन मिनिटं गप्प बसेल तर शपथ. सासूबाई सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेत, पण "मी घरी बसून काय करू" म्हणून येणारच. नवऱ्याला पक्ष्यांपेक्षा भिगवणच्या मासळीच्या ताटात जास्त रस आहे. आम्ही सिंहगड रोडला राहतो.

प्रश्न असे:

१. भिगवण की नांदूर मध्यमेश्वर? चुलत दीर कर्नाळ्याचा आग्रह धरून बसलेत.
२. होडीत चढणं सासूबाईंना जमेल का?
३. दुर्बीण कोणती घ्यावी? घरात सासऱ्यांची जुनी, जड दुर्बीण आहे. लेक म्हणते, तिच्यात सगळं दोन-दोन दिसतं. ती एक डोळा मिटून बघते.
४. खडकवासल्याच्या पाण्यात एका खुंटावर काळा पक्षी पंख पसरून बराच वेळ तसाच बसला होता. कोण असेल? हा प्रश्न लेकीचा. उत्तर मिळेपर्यंत माझी सुटका नाही.

गोदाकाठ:

चौथ्याचं आधी, तुमची सुटका करतो. पाणकावळा. मासे धरायला बुडी मारतो, त्याचे पंख बदकासारखे कोरडे राहत नाहीत, भिजतात. म्हणून वर येऊन उन्हात पसरून वाळवतो. लेकीला शाबासकी द्या, कारण "बराच वेळ तसाच बसला होता" हीच त्याला ओळखायची खूण आहे.

कर्नाळा या वेळी नको. जंगल उत्तम आहे, पण जंगलातले पक्षी नवख्याला ऐकू येतात जास्त, दिसतात कमी. मान वर करून पानांत हलणारं काहीतरी शोधायचं, तोवर ते उडालेलं असतं. पाच वर्षांचं पोर दहाव्या मिनिटाला "घरी कधी जायचं" विचारणार. पाणपक्षी उघड्यावर असतात, आकाराने मोठे असतात आणि एका जागी थांबतात. पहिल्यांदा न्यायचं तर पाण्यावरच न्या.

मी नाशिककडचा, त्यामुळे नांदूरची बाजू घेणारच. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा आहे, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचून उथळ पाणी आणि पाणवनस्पती तयार झाल्या. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे इथं होडीची गरज नाही. चापडगावच्या बाजूला पाण्याच्या कडेने पायवाट आहे, मध्ये मध्ये निरीक्षण मनोरे आहेत. आजींनी मनोरा नाही चढला तरी खालून जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, मोर शराटी असे पाणपक्षी सहज दिसतात. स्थानिक वाटाड्या जरूर घ्या. त्याच्याकडच्या मोठ्या दुर्बिणीतून लेकीला पक्ष्याचा डोळासुद्धा बघता येईल.

स्वेटर-कानटोप्या विसरू नका. निफाडची थंडी पेपरात येते ती उगीच नाही.

उजनीकर:

गोदाकाठ, पुण्याहून नांदूर म्हणजे गाडीत पाच तास धरा. पाच वर्षांच्या मुलाला आणि दुखऱ्या गुडघ्यांना? भिगवण सोलापूर रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास, सरळ रस्ता.

सुगरणताई, एक लक्षात घ्या. भिगवण हे अभयारण्य नाही, उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे. तिथे फाटक, तिकीट काही नाही. कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूला मच्छीमारच होडीतून फिरवतात आणि पक्षी दाखवतात. यातले काहीजण इतके तयार आहेत की लांबून नुसत्या उडण्यावरून पक्षी सांगतात. गावात घरगुती मुक्कामाची सोय आहे. सासूबाई आणि मुलं असताना स्वच्छतागृहाचा प्रश्न त्यानेच सुटतो. चुलीवरचं जेवण आणि तळलेली चिलापी मासळी मिळते, म्हणजे तुमच्या यजमानांचीही सोय झाली.

रोहित (फ्लेमिंगो) बघायला येणार असाल तर मात्र नाताळाची तारीख जरा अवघड आहे. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी घालून चिखल गाळून खातात. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असेल तर उथळ जागाच उरत नाही. पाणी ओसरून चिखलपट्टे उघडे पडले की ते उतरतात. जानेवारीचा शेवट ते मार्च ही त्यांची खरी वेळ. डिसेंबरात दिसणारच नाहीत असं नाही, पण लेकीला रोहितचं वचन देऊन बसू नका. पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक, शेकाट्या हे तेव्हाही बऱ्यापैकी असतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो हे आधी सांगून ठेवलंत तर ती रोहित विसरेल.

आणि शनिवार-रविवार टाळा. लांब लेन्सवाल्यांच्या होड्या थव्याच्या अंगावर घालतात, थवा उठवायचा आणि उडतानाचा फोटो काढायचा. चरणारा पक्षी सारखा उठवला की त्याचा खाण्याचा वेळ जातो. होडीवाल्याला निघतानाच सांगा, "दादा, लांबूनच दाखवा, आम्हाला घाई नाही." त्यालाही बरं वाटतं, बहुतेक गिऱ्हाईक उलटंच सांगतं.

दुर्बीणवेडी:

तिसऱ्याचं मी सांगते. दोन-दोन दिसतंय यात लेकीच्या डोळ्यांचा दोष असेलच असं नाही. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं आणि मोठी दुर्बीण तेवढी मिटत नाही. मधल्या बिजागरीवर दोन्ही नळ्या जवळ आणत जा, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ झालं की थांबा. पूर्ण मिटवूनही एक वर्तुळ होत नसेल तर ती दुर्बीण तिच्यासाठी नाही. एक होत असूनही चित्र दोन दिसत असेल तर आतला लोलक (प्रिझम) हललेला असू शकतो, जुन्या दुर्बिणींत होतं तसं.

नवी घ्यायची तर ८ बाय ३० किंवा ८ बाय ३२ बघा. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १० पटीची गळ्यात मारायला बघेल. १० पटीत हाताचा कंपही वाढून दिसतो आणि दृश्य अरुंद होतं. मूल पक्षी शोधता शोधता कंटाळतं. झूमवाली तर अजिबात नको. विकत घेण्याआधी लेकीला दुकानात न्या आणि तिच्याच डोळ्याला लावून बघा.

घरी आणल्यावर एकदा बसून जुळवा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करायचं. मग डावं झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. त्यानंतर फक्त मधलं चाक. सासूबाईंना चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत मुडपा, नाहीतर त्यांना बांगडीएवढंच दृश्य दिसेल.

मुलीला आणखी एक शिकवा. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याकडे बघायचं, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची. बहुतेक मोठी माणसंसुद्धा दुर्बीण लावून मग पक्षी शोधतात आणि आकाश बघत बसतात.

भटकी_आजी:

मी स्वतः गुडघेवाली, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलते. होडीत बसणं अवघड नाही, चढणं-उतरणं अवघड. काठ चिखलाचा किंवा दगडांचा असतो, होडी डुलते, पाय उचलून कडेवरून आत टाकावा लागतो. मुक्काम ठरवतानाच विचारा की होडी टणक काठाला लावता येईल का आणि पाय ठेवायला स्टूल मिळेल का. आत फळीवर बसावं लागतं, घरून उशी न्या. तासाभराच्या वर फेरी घेऊ नका. सासूबाईंना काठावर थांबायचं असेल तर खुर्ची टाकून थांबू द्या, शेकाट्या आणि धोबी पक्षी तिथेही येतात.

सगळ्यांना जीवरक्षक जाकीट हवंच. धाकट्याच्या मापाचं आहे का ते फोनवर आधी विचारा. मोठ्यांचं लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर निघून येतं, त्याचा उपयोग नाही. मापाचं नसेल तर धाकटा आणि बाबा काठावर.

आणि एवढ्या लांब जाण्याआधी एखाद्या रविवारी पहाटे कवडीपाटला जाऊन या. लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवर. वास येतो, पाण्यात फेस आणि प्लास्टिक असतं, पुण्याचीच करणी. तरी हिवाळ्यात चक्रवाक, तुतवार, धोबी, शराटी तिथे असतात. होडी नको, मुक्काम नको. धाकटा कितीवेळ टिकतो ते कळेल, त्यावरून पुढचं ठरवा.

सुगरण_पुणे:

सगळ्यांचे खूप आभार! पाणकावळा वहीत गेला, शेजारी चित्रही काढून झालं.

दुर्बीण आत्ताच बघितली. नळ्या पूर्ण मिटवल्या तरी लेकीला दोन वर्तुळं दिसतात, मला मात्र एक. म्हणजे नवी घेणं आलं. जुनी सासूबाईंनी ताब्यात घेतली आहे.

असं ठरतंय: या रविवारी कवडीपाट, भिगवण जानेवारीच्या शेवटी आठवड्याच्या मधल्या दिवशी, शाळेला एक दिवस दांडी. नांदूर पुढच्या हिवाळ्यात, गोदाकाठ, रागावू नका. शेवटची शंका: बदकं सगळी सारखीच दिसतात. लेकीला एक-दोन सोप्या खुणा सांगाल का?

गोदाकाठ:

रागावतो कसला, द्राक्षाच्या दिवसांत या.

बदकाची चोच बघायला सांगा. फावड्यासारखी रुंद असेल तर थापट्या. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके असतील तर हळदी-कुंकू. अख्खं अंग नारिंगी-तांबूस तो चक्रवाक. काळाकुट्ट आणि कपाळावर पांढरा टिळा तो वारकरी, तो बदकांत पोहतो पण बदक नाही. पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन ॲप मोफत आहे, भारतातल्या पक्ष्यांचा संच घरीच वायफायवर उतरवून घ्या, काठावर नेटवर्कचा भरवसा नाही. फक्त त्यातले आवाज पक्ष्यांना ऐकवून जवळ बोलवू नका. दुसरा पक्षी हद्दीत घुसला असं समजून ते बिचारे अस्वस्थ होतात.

उजनीकर:

आणि भिगवणला सातच्या आत काठावर हवं. मुक्काम करणार नसाल तर घरून चारला निघा, मुलं गाडीत झोपतील. उन्हं चढली की पाण्यावर चकाकी येते आणि रंग कळत नाहीत. नाश्ता फेरीनंतर.