तीन देशांतील टीम : बैठकीत सगळे ‘हो’ म्हणतात, काम मात्र अडते

प्रश्न : मुळाकाठ (पुणे)

नमस्कार. वर्षभरापासून मी एका सॉफ्टवेअर टीमचे काम पाहतो. टीममध्ये 11 जण असून त्यांपैकी सहा पुण्यात, तिघे म्युनिकला आणि दोघे टोरांटोला आहेत. रोजची सामायिक बैठक आमच्या संध्याकाळी साडेपाचला असते. उन्हाळ्यात त्या वेळी म्युनिकला दुपारचे दोन आणि टोरांटोला सकाळचे आठ वाजलेले असतात. चॅट, व्हिडिओ, कामांचा सामायिक फलक यांपैकी कशाचीच वाण नाही. तरीही ही एक टीम आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही, कारण प्रत्यक्षात तीन शहरांत तीन वेगवेगळे गट काम करत आहेत.

एक प्रसंग सांगतो. मागच्या महिन्यात म्युनिकच्या सहकाऱ्याने बैठकीत विचारले की, पेमेंटचा भाग दोन आठवड्यांत नव्या डेटाबेसवर हलवता येईल का. आमच्याकडील एका अनुभवी मुलाने “वी विल ट्राय” असे उत्तर दिले. ‘प्रयत्न करतो’ या शब्दांचा आपल्याकडे काय अर्थ होतो हे सांगायला नको. मलाही तो त्याच क्षणी कळला होता, पण मीही गप्प बसलो. म्युनिकच्या मंडळींनी तो होकार समजून ग्राहकाला तारीख कळवली आणि ती अर्थातच हुकली. “तेव्हाच नाही का म्हटले नाही?” असे ते विचारतात, तर “सगळ्यांसमोर तोंडावर नाही कसे म्हणायचे?” असे आमची मुले मला विचारतात.

दुसरी अडचण टोरांटोची. तेथील दोघे त्यांच्या दुपारी, म्हणजे आमच्या मध्यरात्री, आपसांत बोलून रचना बदलतात आणि आम्हाला सकाळी कोड उघडल्यावर ते कळते. ऑनलाइन प्रश्नमंजूषेसारखे खेळ दोनदा झाले. ते पुन्हा कृपया सुचवू नयेत. एकत्र निर्णय घेण्याची सवय कशी लावावी, हा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद 1 : मुक्तस्रोत (ठाणे)

आपण ज्याला संस्कृतीचा प्रश्न म्हणत आहात तो माझ्या मते बराचसा जागेचा प्रश्न आहे. निर्णय ज्या जागी होतो तेथे कोण हजर असते, हे आधी पाहावे. मी काही वर्षे मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पांत हौसेने काम केले असून तेथे एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे वर्षानुवर्षे एकत्र काम करतात. 1999 मध्ये स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या अशाच प्रकल्पांच्या संस्थेमध्ये एक म्हण रूढ आहे, की जे मेलिंग लिस्टवर (सर्व सदस्यांना एकदम जाणाऱ्या सामायिक ईमेलवर) घडले नाही ते घडलेच नाही. दोघे जण एखाद्या परिषदेत भेटून खुशाल चर्चा करू शकतात, पण निर्णय लिस्टवर सर्वांसमोर मांडल्याशिवाय तो निर्णय ठरत नाही. मतदान साधारणपणे किमान 72 तास खुले ठेवतात, ते जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील माणसाला झोप, काम आणि घर सांभाळून उत्तर देता यावे म्हणून. अनुकूल असाल तर ‘अधिक एक’ लिहायचे, विरोध असेल तर ‘उणे एक’. कोडमधील बदलाला असा नकार द्यायचा झाल्यास तांत्रिक कारण द्यावे लागते. नुसते ‘मला पटत नाही’ चालत नाही. त्यामुळे नकार माणसाला न राहता प्रस्तावाला राहतो आणि आपल्या मुलांना जो संकोच वाटतो त्याचा निम्मा भार तेथेच उतरतो.

रचना बदलणारा प्रत्येक प्रस्ताव एका पानावर लिहावा, तो 72 तास खुला राहावा आणि या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर समजावा. टोरांटोच्या दोघांनी आपसांत जरूर बोलावे, पण त्या बोलण्यातून प्रस्ताव निघावा, कोड नव्हे. किरकोळ दुरुस्त्यांना हा नियम लावू नये, नाहीतर टीम सरकारी कचेरी होईल.

प्रतिसाद 2 : नेकारकाठ (श्टुटगार्ट)

मी नऊ वर्षे जर्मनीत आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहिते. येथील सहकारी “हे चुकीचे आहे” असे सरळ म्हणतो तेव्हा तो रागावलेला नसतो आणि पाच मिनिटांनी कॉफीला तुम्हालाच बोलावतो. पहिल्या वर्षी मी अशा वाक्यांनी रात्र रात्र तळमळले आहे. म्युनिकच्या सहकाऱ्यांना ‘प्रयत्न करतो’चा अर्थ आपण एकदा हसतखेळत समजावून सांगावा, आणि “जमेल का?” याऐवजी “दोन आठवड्यांत पुरे होण्याच्या आड काय काय येऊ शकते?” असे विचारायला सांगावे. त्या प्रश्नाला आपली मुले भरभरून उत्तर देतात, कारण त्यात नकार द्यावा लागत नाही. तुमच्या त्या मुलाला तेव्हा हे विचारले असते तर त्याने चार अडचणी एका दमात सांगितल्या असत्या, असे मला वाटते.

आता पुण्याच्या दोन चुका, ज्या पुण्याला सहसा दिसत नाहीत. युरोप-कॅनडात उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे करतात, भारतात ते बदलत नाही. साडेपाचची बैठक वर्षभर साडेपाचलाच ठेवली असेल तर हिवाळ्यात टोरांटोला सकाळचे सात वाजतात आणि म्युनिकला दुपारचा एक, म्हणजे ऐन जेवणाची वेळ. त्यातही टोरांटोचे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि युरोपचे शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत त्या दोघांमधले अंतर सहाऐवजी पाच तासांचे होते. शिवाय जर्मन कायद्याप्रमाणे दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती द्यावी लागते. रात्री दहाला कोणाला कॉलवर बसवले तर सकाळी नऊच्या आत तो कामाला लागू शकत नाही. गैरसोय कोणाची तरी होणारच. ती दर तिमाहीला आळीपाळीने वाटून घ्यावी.

दुसरी चूक मी माझ्या पूर्वीच्या टीममध्ये रोज पडद्यावर पाहत असे. पुण्याचे सहा जण एका खोलीत, टेबलाच्या मध्यभागी एकच माइक, आणि आम्हाला दिसायची ती डोक्यांची एक रांग. मधूनच कोणीतरी मराठीत काही पुटपुटायचे, सगळे हसायचे आणि मग माइक बंद व्हायचा. मला मराठी येत असल्यामुळे विनोद कळायचा; शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला मात्र तो आपल्यावरच आहे असे वाटायचे. एकाच कार्यालयात असला तरी प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून, हेडफोन लावून बैठकीत यावे. आणि बैठक संपल्यावर टपरीवर चहा पिताना जे ठरते तेही टोरांटोत तुमच्या मध्यरात्री झालेल्या निर्णयाइतकेच लपून झालेले असते.

प्रतिसाद 3 : करवीरकन्या (कोल्हापूर)

मुक्तस्रोत यांच्या पहिल्या निम्म्या म्हणण्याशी मी सहमत आहे, दुसऱ्या निम्म्याशी नाही. मुदतीत हरकत आली नाही म्हणजे मंजूर, हा नियम स्वयंसेवकांमध्ये ठीक आहे, कारण तेथे न बोलणाऱ्याची पगारवाढ कोणाच्या हातात नसते. येथे तर मूळ दुखणेच हे आहे की पुण्याचे मौन संमती समजले गेले. ते बैठकीतून कागदावर नेले तर तेच मौन 72 तास चालेल आणि शेवटी “तुम्हाला तीन दिवस दिले होते” हे ऐकावे लागेल. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन अशा टीमच्या दारावरून पुसून टाकावे.

लिखाणाविषयी अनुभवाचे सांगते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. 2020 पासून घरून काम करते. सुरुवातीला सामायिक कागदावर चार ओळींची टिप्पणी लिहायला मला अर्धा तास लागायचा. लिहायचे, खोडायचे, आणि तेवढ्यात टोरांटोसारख्या ठिकाणचा कोणीतरी दीड पानाचे घरंदाज इंग्रजी उत्तर टाकून चर्चा संपवायचा. ज्याचे इंग्रजी चांगले त्याचा मुद्दा चांगला, असे नकळत ठरत जाते. आमच्या वरिष्ठ बाईंनी एक साधी गोष्ट केली. हरकत कशीही मांडली तरी चालेल असे त्यांनी जाहीर केले : तुटक वाक्ये, स्क्रीनशॉट, कागदावर पेनने काढलेल्या चौकोनांचा फोटो. माझी पहिली हरकत म्हणजे लॉगमधील (प्रणालीने आपोआप केलेल्या नोंदींतील) तीन ओळी आणि त्याखाली “धिस विल फेल ऑन मंथ-एंड” एवढेच होते. बाईंनी त्यावर सर्वांसमोर दोन प्रश्न विचारले, आणि प्रस्ताव बदलला. त्यानंतर मी लिहायला घाबरले नाही.

म्हणून माझी सूचना अशी की महत्त्वाच्या प्रस्तावावर प्रत्येक शहरातील एका ठरलेल्या व्यक्तीने स्वतःच्या नावाने मत नोंदवावे आणि ते आल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ नये. पुण्यातून ती व्यक्ती टीमप्रमुख नसावी, कारण प्रमुख बोलला की बाकीचे पाच जण सुटकेचा निःश्वास टाकतात.

मुळाकाठ

सर्वांचे आभार. टपरीचा मुद्दा वर्मी लागला, कारण काल संध्याकाळीच एका चाचणीचा क्रम आम्ही तेथे चहावर बदलला आणि तो अजून कोठेही लिहिलेला नाही. आज तो लिहितो. बैठकीची वेळ ऑक्टोबरच्या शेवटापासून फिरती ठेवण्याचा प्रस्ताव हा पहिला 72 तासांचा प्रस्ताव म्हणून टाकतो आहे. पुण्याकडून मत नोंदवायला त्याच ‘वी विल ट्राय’वाल्या मुलाला सांगितले आहे. तो म्हणाला, “बघतो.”

मुक्तस्रोत

करवीरकन्या यांची दुरुस्ती मान्य आहे. पगार आणि मौन यांचा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता. मुळाकाठ, एक व्यवहाराची सूचना : 72 तास मोजताना शनिवार-रविवार आणि तिन्ही शहरांच्या सुट्ट्या वगळाव्यात. जर्मनीत काही सुट्ट्या प्रांतागणिक बदलतात, त्यामुळे म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियाची यादी वेगळी पाहावी, आणि शुक्रवारी संध्याकाळी कोणालाही प्रस्ताव टाकू देऊ नये. त्या मुलाने “बघतो”च्या पुढे काय लिहिले, ते मात्र येथे कळवावे.