ग्वेन जॉनसारखा गाल जमेना, माझा खडूसारखा दिसतोय

खानापूरची
नमस्कार, ऑइल पेंटिंगमध्ये मी नवीनच आहे. ग्वेन जॉन या ब्रिटिश चित्रकर्तीनं १९०२ ला केलेलं लाल ब्लाऊजमधलं सेल्फ पोर्ट्रेट, लंडनच्या टेट गॅलरीत आहे ते, त्याची प्रिंट समोर लावून आरशात बघत स्वतःचं करतेय, हा तिसरा कॅनव्हास. तिच्या गालावर ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही तरी कातडीखाली रक्त आहे असं वाटतं, आणि मी पांढरा लावला की खडू फासल्यासारखं होतंय, वरून तांबडा घातला की चिखल. कुठं चुकतंय सांगा की.

शहापूरकर
तुमचा पांढरा रंग टायटेनियम व्हाइट असणार. तिच्या वेळी तो बाजारात नव्हताच, १९२० च्या आसपास आला, त्याआधी पोर्ट्रेटवाले लेड व्हाइट, म्हणजे शिशाचा पांढरा, वापरायचे. लेड जरा पारदर्शक, उबदार. टायटेनियम गार, आणि इतका जोरकस की जरासा पडला तरी बाकीचे रंग गिळतो. लेड विषारी आहे, तो शोधत बसू नका. टायटेनियममध्ये थोडा यलो ओकर (मातकट पिवळा) घाला आणि हात आखडून वापरा.

निपाणीचे काका
पोरी, पांढऱ्याचं बरोबर सांगितलंय त्यांनी पण तुझा चिखल होतोय तो ओल्यावर ओलं घातल्यामुळं. ग्वेन लंडनच्या स्लेड आर्ट स्कूलमध्ये शिकली, मग पॅरिसला व्हिसलर या चित्रकाराकडे, आणि हे चित्र तिनं जुन्या मास्टर लोकांसारखं ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, चढवत केलंय. त्यात आधी सगळी उजेड-सावली अंबर या मातकट तपकिरी रंगात उभी करायची, पूर्ण वाळू द्यायची, मग त्यावर जवसाचं तेल घातलेला पारदर्शक रंग अगदी पातळ, परत वाळवायचं, परत एक हात. उजेड आत जाऊन खालच्या थरावरून परत येतो म्हणून तो गाल जिवंत दिसतो. खाली तेल कमी, वर जास्त, उलटं केलंस तर पुढं भेगा पडतात. आणि हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, तेव्हा खानापूरच्या पावसात कपाटात कोंडून ठेवू नकोस, उजेड-वारं लागू दे. खालच्या थरात काळा नको, तो वाळायला फार वेळ घेतो.

टिळकवाडी
नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं तिचं आधीचं पण बघ गं, १९०० च्या आसपासचं. कमरेवर हात, गळ्याशी मोठा बो, मान ताठ. टेटमधल्यात मात्र ती शांत होऊन बघतेय, मला तेच जास्त आवडतं, खूप वेळ स्वतःकडं बघितल्याशिवाय तसे डोळे येत नाहीत. आणि ते चित्र छोटंसं आहे, जेमतेम ४५ बाय ३५ सेंटिमीटर. तुझा कॅनव्हास केवढा?

खानापूरची
अडीच फूट उंच! आता छोटाच घेते. काका, अंबर रॉ (कच्चा) की बर्न्ट (भाजलेला)?

निपाणीचे काका
रॉ घे. जरा हिरवट असतो, त्यावर तांबडा ग्लेझ छान खुलतो. पहिला थर वाळला की फोटो टाक, बघू.