लेनिनग्राडची टकटक

काही जण म्हणतात की इतिहास वाचावाच लागतो, नुसतं ऐकून नावं-सनावळ्या डोक्यात राहत नाहीत. नावांपुरतं मान्य. वडिलांच्या नावासकट येणारी रशियन नावं कागदावर पाहिल्याशिवाय माझ्याही लक्षात राहत नाहीत. पण काही गोष्टी कानानेच कळतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी लेनिनग्राडला (रशियातलं आजचं सेंट पीटर्सबर्ग) घातलेल्या वेढ्याबद्दल (सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४) मी बरंच वाचलं होतं. २० नोव्हेंबर १९४१पासून मुलांना आणि कचेरीतल्या लोकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव, तोही भेसळीचा, हा आकडा पाठ होता. मग एका रात्री दिवा मालवून तिथल्या रेडिओवरच्या मेट्रोनोमचं (संगीतात लय धरायला ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राचं) ध्वनिमुद्रण ऐकलं.

घरोघरी तारेने जोडलेले स्पीकर होते. कार्यक्रम नसला की त्यांवर मेट्रोनोमची टकटक चालू ठेवत. ठोके संथ म्हणजे धोका नाही, जलद झाले की विमानं आली. टकटक ऐकू येतेय म्हणजे शहर अजून जिवंत आहे, एवढं अंधारात उपाशी पडलेल्या माणसाला कळायचं. तो वेग वाढतो ना, तिथे माझे हात गार पडले. १२५ ग्रॅमचा अर्थ मला त्या रात्री लागला.

म्हणून आधी वाचा, मग ऐका. ९ ऑगस्ट १९४२ला वेढ्यातच वाद्यवृंद-संचालक कार्ल एलियासबर्ग यांनी भुकेने खंगलेल्या वादकांकडून सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना) वाजवून घेतली आणि ती स्पीकरवरून शहरभर ऐकवली. हे माहीत करून घेऊन ती सिंफनी एकदा सलग ऐकाच.