मोठ्या जातीच्या पिल्लाचं नाव कसं ठेवलंत?

आमच्याकडे ग्रेट डेनचं पिल्लू येतंय. मादी आहे. आत्ता मांडीवर मावते, पण दीड-दोन वर्षांत ५० किलोंच्या आसपास जाईल. 'राणी', 'फ्रेया' की 'माया' यावरून घरात एकमत होत नाहीये. नाव कसं निवडलंत, कुत्रा वाढल्यावर ते शोभलं का, जरा सविस्तर लिहा.

*

आमचा रॉटवायलर. सगळे 'टायगर', 'डेव्हिल' सुचवत होते, मी हट्टाने 'गोलू' ठेवलं. काळा, रुंद छातीचा कुत्रा दिसला की लोक आधीच बिचकतात. त्यात "डेव्हिल, इकडे ये!" ऐकलं तर संपलंच. लिफ्टमध्ये भिंतीला चिकटून उभ्या राहणाऱ्या शेजारच्या आजी आता "काय रे गोलू" म्हणत त्याच्या कपाळावरून बोट फिरवतात. तोही डोळे मिटून उभा राहतो. माणसांची भीती कमी झाली की कुत्र्याचंही वागणं निवळतं, हे मी रोज बघतोय.

*

नाव दोन अक्षरी आणि हुकमांपेक्षा वेगळं वाटणारं हवं. 'ब्रूनो' आम्हाला फार आवडलं होतं, पण घरात दिवसभर "नो, नो" चालतं म्हणून सोडलं आणि 'रॉकी' ठेवलं. आणि नाव पक्कं करण्याआधी मोकळ्या मैदानात जोरात हाक मारून बघा. एवढा मोठा कुत्रा मांजरामागे सुटला की पट्टा ओढून थांबत नाही, हाकेनेच वळवावा लागतो. त्या नावाने रागावू मात्र नका, नाहीतर हाक मारली की तो लांब पळेल.

*

सेंट बर्नार्ड, त्यामुळे 'बॅरी'! आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठात १८०० च्या सुमारास जन्मलेल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने बर्फात अडकलेल्या ४० हून जास्त जणांना वाचवलं, असं सांगतात. त्याचा देह बर्नच्या संग्रहालयात जतन केलेला आहे. त्याच्या आठवणीसाठी मठाच्या वंशातल्या एका कुत्र्याचं नाव कायम बॅरी असतं. आमच्या बॅरीला हे नाव अगदी शोभतं, इतका मायाळू आहे.

*

दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्रीचं जुनं नाव आम्ही बदललं. नवीन नावाने हाक, लगेच खाऊ. पटकन रुळली.

*

माझं मत 'माया'ला. शेवटच्या 'आ'मुळे हाक लांबवता येते, कुठल्याही हुकमाशी घोळ होत नाही, आणि दारात उभी राहिली तरी पाहुणे घाबरणार नाहीत.