रेशन कार्डावर पाच लाखांचा उपचार मिळतो, मग खासगी पॉलिसी कशाला?

कृष्णाकाठ
विषय आमच्या घरातला आहे, पण बऱ्याच घरांत सध्या हेच चाललंय म्हणून मांडते. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओग्राफीत दोन ठिकाणी अडथळे निघाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली. रेशन कार्ड आणि आधार दिलं, आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाने, कागद चढवले, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. आमचा खर्च झाला तो बाहेरच्या तपासण्यांचा आणि येण्याजाण्याचा. त्या माणसाने त्या दोन दिवसांत आम्हाला जो धीर दिला, तो मी विसरणार नाही.

आता ओळखीतले एक विमा एजंट मागे लागलेत. आम्ही दोघं आणि दोन मुलं, वर्षाला २६,००० हप्ता. यांचं गॅरेज आहे, पावसाळ्यात काम निम्म्यावर येतं.

माझं मत स्पष्ट आहे, आमच्यासारख्यांनी पॉलिसी घेऊ नये. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ही योजना सुरू झाली तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख मिळायचे, तेही पिवळ्या-केशरी कार्डाला. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना पाच लाख, तेव्हा यादीत १३५६ उपचार होते. बायपास आहे, केमो आहे, डायलिसिस आहे. मोठं दुखणं सरकार बघणार असेल, तर ते २६,००० पोस्टात का ठेवू नयेत? पॉलिसी घ्यायची, दोन वर्षं भरायची आणि तिसऱ्या वर्षी हात आखडला की बंद पडायची. भरलेलं सगळं पाण्यात.

डेस्क_पलीकडून
ताई, मी अकरा वर्षं रुग्णालयांत कॅशलेस विभागात बसतो, सरकारी योजनेच्या आणि कंपन्यांच्या दोन्ही फायली बघतो. सासऱ्यांचं चांगलं झालं याचा मनापासून आनंद आहे. पण एका अनुभवावरून निष्कर्ष काढू नका.

योजना तुम्हाला *ठरावीक उपचार* देते, यादीतला, ठरलेल्या पॅकेजमध्ये, जनरल वॉर्डात. पॉलिसी *रुग्णालयात दाखल होण्याचा* खर्च देते, मग दुखणं कुठलंही असो, अटीत बसलं की झालं. अँजिओप्लास्टीला हा फरक जाणवत नाही. ताप आला की जाणवतो.

माझ्या पुतण्याला डेंग्यू झाला, तेव्हा प्लेटलेट भराभर उतरत होत्या. रात्री साडेअकराला जे रुग्णालय जवळ होतं ते अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं, नव्हतं. जे अंगीकृत होतं, तिथे योजना फक्त हाडांच्या ऑपरेशनला लागू होती. सहा दिवसांचं बिल ६८,००० झालं. भावाकडेही पाच लाखांचं कार्ड होतंच.

उपचार यादीत हवा, रुग्णालय अंगीकृत हवं, त्या आजारासाठी अंगीकृत हवं, वर खाट मोकळी हवी. शिवाय यादीतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. इतकं सगळं एकाच रात्री जुळून यावं लागतं.

भोसरीकर
दोघंही एक गोष्ट विसरताय. कारखान्यात २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याचं ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलं जातं. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. त्यात बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील सगळे येतात. खोकल्याच्या औषधापासून ऑपरेशनपर्यंत. आजारपणात घरी बसलो तर ७० टक्के पगार, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कुठली खासगी पॉलिसी बुडालेला पगार देते सांगा. दवाखान्यात रांग असते, औषध कधी कधी दुसऱ्या दिवशी या म्हणतात, हे खरं आहे. तरी मी ते सोडणार नाही.

अडचण पुढे येते. पगार २१,००० च्या वर गेला की चालू सहामाही संपताच ईएसआय सुटतं. माझ्या लाईनवरच्या दोघांचं तसं झालं, एकाची बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. पगारवाढीचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात पुढची सोय बघा, एवढंच सगळ्या कामगारांना सांगणं आहे.

कृष्णाकाठ
@डेस्क_पलीकडून दादा, डेंग्यूचं पटलं. पण पॉलिसी म्हणजे हमखास पैसे, असं तुम्ही जे सुचवताय त्याला माझा विरोध आहे. माझ्या भावाकडे तीन लाखांची पॉलिसी होती. खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० पर्यंत. तो दाखल झाला त्या दिवशी ६,००० ची खोलीच मोकळी होती. तो समजला, वरचे ३,००० खिशातून भरू. कंपनीने औषधं सोडून डॉक्टरांची फी, थिएटर, नर्सिंग सगळंच निम्मं मंजूर केलं. सही घेताना एजंटने हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. वहिनीने मंगळसूत्र गहाण ठेवलं तेव्हा मी सोबत होते. योजनेत निदान तुझी खोली कुठली म्हणून कुणी पैसे कापत नाही.

डेस्क_पलीकडून
तुमच्या भावाचं झालं ते चूक आणि फार सर्रास होणारं आहे. त्याला प्रमाणशीर कपात म्हणतात. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्या, नाहीतर मर्यादेतल्याच खोलीसाठी अडून बसा. हप्ता किती याआधी हा प्रश्न विचारायचा.

पण नियम पूर्वीसारखे राहिले नाहीत. २०२४ पासून पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजाराचा क्लेम मिळण्यासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आधी ४८ होती. सलग पाच वर्षं हप्ता भरला की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पूर्वी त्याला आठ वर्षं लागायची. डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, मुंबई-पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. भावाने केली होती का तक्रार?

कृष्णाकाठ
नाही केली. असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

म्हापसेकर
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्याला चार. उत्पन्नाची अट नाही, पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तरी आमचा खरा आधार कार्ड नव्हे, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. ते उभं आहे म्हणून कार्डाला किंमत. माझी बहीण सावंतवाडीला दिलेली. तिच्याकडचे लोकही पूर्वापार बांबोळीलाच येतात, आणि २०१८ मध्ये बाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा सिंधुदुर्गात केवढी खळबळ उडाली ते मी पाहिलंय. कार्ड की पॉलिसी हा वाद घालण्याआधी तासाभराच्या अंतरावर रात्री उघडं असलेलं चांगलं रुग्णालय आहे का, ते बघा. नसेल तर दोन्ही कागद घरातच राहतात.

निवृत्त_मास्तर
म्हापसेकरांशी सहमत, पण कागदही लागतोच. माझं वय ७२, पत्नी ६८. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाख मिळतात. खासगी पॉलिसी असली तरी मिळतात. माझं कार्ड निघालं तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा आता पॉलिसी बंद करा. सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्के जीएसटी गेला, तरी आम्हा दोघांचा हप्ता अंगावर येतोच.

मी बंद केली नाही. पत्नी अजून सत्तरीची नाही. आणि या वयात एकदा सोडलेली पॉलिसी मधुमेह असलेल्याला परत कोण देईल? पंधरा वर्षं भरून मी थांबायच्या सगळ्या मुदती मागे टाकल्या आहेत, ती माझी कमाई आहे.

एक गोष्ट मात्र कुणीच बोललं नाही. माझा दर महिन्याचा खर्च इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तपासण्यांचा आहे. तो ना योजना देते, ना माझी पॉलिसी, दोन्ही दाखल झाल्यावरच्याच. कृष्णाकाठ ताईंनी पोस्टात पैसे ठेवायचं म्हटलं, ते यासाठी अगदी बरोबर आहे.

भोसरीकर
मास्तर, म्हणूनच मी ईएसआयच्या रांगेत उभा राहतो. गोळ्या तिथेच मिळतात.

डेस्क_पलीकडून
शेवटचं एक, कारण हल्ली हेच जास्त विकलं जातंय. ‘पाच लाख सरकार देतं, वरचं स्वस्त सुपर टॉप-अप घ्या’ असं कुणी सांगितलं तर आधी थांबा. टॉप-अपवाली कंपनी पाच लाखांच्या वरचं *बिल* भरते. योजनेच्या पॅकेजमध्ये उपचार झाले तर तुमच्या हातात बिलच पडत नाही. आणि तेच दुखणं बिगर-अंगीकृत रुग्णालयात झालं तर पहिले पाच लाख तुमच्याच खिशातून जाणार. ताई, तुम्ही लहान का होईना, मूळ पॉलिसीच घ्या.

कृष्णाकाठ
काल गॅरेज बंद झाल्यावर हे सगळं यांना वाचून दाखवलं. मुलांच्या तापाचा मुद्दा दोघांनाही लागला. थोरल्याला दर पावसाळ्यात काही ना काही होतंच, आणि आमच्या भागात रात्री लहान मुलाला दाखल करून घेणारं रुग्णालय योजनेत आहे की नाही, हे मी इतकी वर्षं विचारलंच नव्हतं. सोमवारी आरोग्यमित्राकडे जाऊन विचारणार आहे. नसेल तर आम्हा चौघांसाठी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली लहान पॉलिसी बघू, पण ती माझ्या पोस्टातल्या पैशांना हात न लावता बसली तरच.

सासऱ्यांच्या नावाने मात्र हप्ता भरणार नाही. ते ६६ चे आहेत, हृदयाचं दुखणं आहे, तीन वर्षं त्याच दुखण्यासाठी थांबायचं आणि तोवर भरत राहायचं, हे मला अजूनही पटत नाही. त्यांच्यासाठी योजना आहे आणि ती एकदा कामाला आलेली आहे. भावाचे कागद मात्र मागवलेत. लोकपालाकडे जायला उशीर झालाय का, तेवढं सांगा दादा.