सल्ला हवा: भराभर बोललेलं जर्मन कळण्यासाठी काय ऐकू?

मेघना_श्टुटगार्ट: बी-वन (मधली पातळी) झालंय, क्लासमधलं जर्मन कळतं. पण इथे वॉर्डवर सहकारी आपसात बोलायला लागल्या की काही हाती लागत नाही. एकीने "हामवा निश मेअ" म्हटलं. तिने लिहून दाखवलं तेव्हा कळलं, "हाबेन वीर निष्ट मेर", म्हणजे ते आता शिल्लक नाही. यासाठी काय ऐकू? फुकट असेल तर उत्तम.

ध्वनिवेडा: ऐकण्याआधी यामागचा नियम समजून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. शेवटच्या "-एन"मधला स्वर गळतो आणि उरलेला न आधीच्या व्यंजनाच्या जागी सरकतो. "गेबेन"चं "गेब्म", "झागेन"चं "झाग्ङ". "हाबेन"मध्ये तर ब सुद्धा विरून "हाम" उरतं. आपला अनुस्वार 'अंबा'त म् आणि 'अंगण'मध्ये ङ् होतो, तेच हे. फक्त आपल्याकडे पुढचं व्यंजन ठरवतं, तिथे मागचं. छोटे शब्द सर्वात जास्त झिजतात: "आइने"चं "ने", "आउफ डेम"चं "आउफम", "हास्ट डू"चं "हास्टं". नाम आणि मुख्य क्रियापद मात्र बहुधा ठसठशीत येतं, कान तिथे ठेवा.

राइनकाठ: डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या सगळे सुचवतील, पण तुम्हाला हवं ते त्यात नाही. निवेदकाचं जर्मन ऐकून वॉर्डवरचं कळणार नाही. यूट्यूबवर 'ईझी जर्मन'च्या रस्त्यावरच्या मुलाखती बघा, जर्मन सबटायटल असतात. सबटायटल झाकून एकच वाक्य ऐका, कानावर पडलं तसं देवनागरीत लिहा, मग ताडून बघा. देवनागरीतच लिहा हं! रोमनमध्ये हात आपोआप पुस्तकी स्पेलिंगकडे वळतो.

मेघना_श्टुटगार्ट: हे आजच सुरू करते. मीही तसंच बोलायचं का?

ध्वनिवेडा: "इश हाबे"चं "इश हाब", "इस्ट"चं "इस" बिनधास्त बोला, ते सगळीकडे चालतं. "हामवा" ओढूनताणून नको, वेग आला की आपसूक येईल. रुग्णाला औषध समजावताना मात्र पूर्ण उच्चार करा.

नेकारकर: एक राहिलं. श्टुटगार्टला "निष्ट"चं "नेट" आणि "इस्ट"चं "इश" ऐकू येईल. ती झीज नाही, तिथली श्वेबिश बोली आहे; वरचे नियम लावत बसू नका. सहकाऱ्यांना सरळ विचारा, "होखडॉइचमध्ये (म्हणजे प्रमाण जर्मनमध्ये) कसं म्हणाल?" आनंदाने सांगतात.