मातकट रंग शेजारी मांडले की मळकट का दिसतात?

प्रश्न – काठपदर, सांगली
नमस्कार. विश्रामबागेत सुती साड्या आणि कुर्त्यांचे छोटे दुकान दिवाळीपूर्वी सुरू करण्याचा माझा विचार आहे. पहिल्या मालासाठी विटकरी, गेरू, हळदी, काथ्या आणि बदामी हे रंग निवडले असून भिंतींनाही त्याच छटा द्याव्यात, अशी इच्छा आहे. हे रंग एकेकटे सुरेख दिसतात. परंतु नमुन्याचे तुकडे शेजारी मांडले की सगळेच मळकट भासतात. रंग बदलावेत की मांडणी? शिवाय पिवळा रंग खऱ्या हळदीचाच असावा, असा घरच्यांचा आग्रह आहे. सांगलीत हळदीला तोटा नाही, हे त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही.

उत्तर – जांभादगड, सातारा
ताई, रंग चांगले आहेत, त्यांच्यातील अंतर कमी पडते आहे. तपकिरी हा मुळात गडद केलेला नारिंगीच असल्यामुळे विटकरी, गेरू आणि काथ्या हे तिघे एकाच घराण्यातले ठरतात आणि त्यांचा गडदपणाही सारखाच असेल, तर डोळ्याला वेगळे काही सापडत नाही. सर्व नमुने एकत्र ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढा. त्यात जे तुकडे एकमेकांत मिसळून जातील त्यांपैकी एकच ठेवा आणि बाकीच्यांच्या जागी अगदी फिका मोतिया व जवळजवळ काळा वाटेल असा तपकिरी आणा.

थोडा थंड रंगही हवाच. आपल्याकडे नेसल्या जाणाऱ्या जुन्या इरकली पाहा: काळ्या किंवा गडद निळ्या अंगाला लाल पदर असतो आणि तो लाल उठून दिसतो तो त्या अंगामुळेच. गेरूच्या शेजारी निळीत रंगवलेला एखादा कुर्ता टांगून पाहावा.

भिंतींना मात्र कापडाचाच रंग देऊ नका, कारण विटकरी भिंतीपुढे विटकरी साडी हरवते, शिवाय भिंतीची लाली शेजारच्या फिक्या कापडावर उतरते. मोतिया भिंत आणि खाली कोटा किंवा शहाबादी फरशी एवढे पुरे. (हल्ली प्रत्येक नवे कॅफे विटकरी रंगात न्हालेले असते, त्यांना साड्या विकायच्या नसतात.)

उत्तर – उजेड, मिरज
वरील मताशी सहमत आहे, पण दुकानातील दिवे तपासल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. ६५०० केल्व्हिनच्या निळसर पांढऱ्या प्रकाशात तांबूस-पिवळ्या छटा निस्तेज होतात. याउलट २७०० केल्व्हिनचा पिवळा दिवा सगळ्यालाच सोनेरी करतो आणि ग्राहक दाराबाहेर उन्हात गेल्यावर साडीचा रंग वेगळा निघतो. ४००० केल्व्हिनच्या आसपासचा आणि रंगदर्शकता निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) ९० किंवा अधिक असलेला दिवा घ्यावा.

उत्तर – हिरडा-तुरटी, वाई
हळदीबाबत स्पष्टच लिहितो: विक्रीच्या कापडासाठी ती वापरू नये. तिचा रंग उन्हात झपाट्याने उडतो आणि साबणाचा अल्कली लागताच त्यावर तांबडे डाग पडतात. आटपाडीकडे डाळिंबे मुबलक आहेत. त्यांच्या सालीचा काढा तुरटीबरोबर वापरल्यास मोहरीसारखा पिवळा मिळतो आणि तो हळदीपेक्षा पुष्कळ टिकतो. विटकरीसाठी मंजिष्ठा आणि तुरटी, तपकिरीसाठी काथ. वर सुचवलेल्या गडद छटेसाठी हिरड्यात भिजवलेले कापड हिराकसाच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्यात घालावे; मात्र हिराकस बेताने घ्या, कारण जास्त झालेले लोह सुती धाग्याला कमजोर करते.

काठपदर
आभारी आहे. कृष्णधवल छायाचित्रात गेरू आणि काथ्या खरोखरच एक झाले, त्यामुळे गेरू ठेवते. दादा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा घरी धुतल्यावर टिकेल का?

हिरडा-तुरटी
पहिल्या काही धुण्यांसाठी रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण वापरावा, कापड वेगळे धुवावे आणि सावलीत वाळवावे, अशी चिठ्ठी प्रत्येक साडीसोबत द्या. तत्पूर्वी एका तुकड्याचा अर्धा भाग कागदाने झाकून आठवडाभर उन्हात ठेवा आणि दोन्ही अर्ध्या भागांत ठळक फरक दिसल्यास तो घाणा विक्रीस काढू नका.